अकराने भाग जातो

वेदिकाच्या फायलीत चौदा रिपोर्ट होते आणि चौदाही रिपोर्टांच्या वरच्या कोपऱ्यात, नंबराशेजारी, पेन्सिलीने केलेली बारीक बरोबरची खूण होती. ती खूण डॉक्टरांची नव्हती, लॅबचीही नव्हती. ती योगिनीची होती.

चार वर्षांच्या पोरीला ब्लड कॅन्सर आहे हे कळून दीड महिना झाला होता. मुंबई नाक्याजवळच्या त्या हॉस्पिटलात पहिल्या आठवड्यात कुणी काही विचारलं तरी योगिनी नुसती मान हलवायची. डोळे मात्र स्वस्थ नसायचे. सलाइनचे थेंब मोज, नर्सने हातमोजे बदलले का बघ, बाटलीवरची तारीख वाच. आणि काहीच बघायला उरलं नाही की समोर दिसेल तो आकडा मोडत बसायचं. ही खोड जुनी. शाळेत निकालाच्या दिवशी ती सीबीएसच्या एस.टी. स्टँडवर उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर मोडत बसायची, कशाने भाग जातो, कशाने नाही. पुढे गणितात बी.एस्सी. केलं, एम.एस्सी.चं एक वर्ष झालं आणि लग्न ठरलं. गणित सुटलं, खोड राहिली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर रक्त घेणारं एक सेंटर होतं. तिथे गोरक्ष नावाचा माणूस बसायचा. नमुना घेतला की तो बारा आकडी नंबराची दोन स्टिकरं काढायचा. एक नळीला, दुसरं चिठ्ठीवर, ती चिठ्ठी आईबापांकडे. नळी मुंबईच्या मोठ्या लॅबला जायची ती फक्त नंबर घेऊन, नाव कुठेच नाही. निकाल मेलवर यायचा तोही नंबरानेच. मग गोरक्ष वहीत बघून नंबर आणि नाव टाइप करायचा, सेंटरच्या कागदावर छापायचा आणि शिक्का मारून द्यायचा.

तिसऱ्या-चौथ्या रिपोर्टाला योगिनीच्या लक्षात आलं की या नंबरांना अकराने भाग जातो. पहिल्यांदा वाटलं, योगायोग. मग तिने मागचे सगळे काढून पाहिले. एकाआड एक आकड्यांची बेरीज करायची, उरलेल्यांची वेगळी करायची, एकीतून दुसरी वजा करायची. शून्य, अकरा किंवा बावीस आलं की अकराने भाग जातो. प्रत्येक वेळी गेला. म्हणजे शेवटचा आकडा मशीन मुद्दाम लावत होतं, राखणदारासारखा. टाइप करताना कुणी शेजारचे दोन आकडे उलटे मारले तर तो राखणदार ओरडणार, भाग तुटणार.

हे तिने एकदा हर्षलला सांगितलं होतं. हर्षल सातपूरच्या कंपनीत पहिल्या पाळीला जायचा आणि तिथून सरळ हॉस्पिटलात यायचा. तो म्हणाला, "अगं, इथे पोरीचं काय चाललंय आणि तू भागाकार करतेस?"

"त्याने मला बरं वाटतं."

"मग कर," तो म्हणाला आणि तिच्या मांडीवरची फाइल उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, तिला लिहायला सोपं जावं म्हणून.

पंधरावा रिपोर्ट सोमवारी आला. तो सगळ्यात मोठा. महिनाभर औषध देऊन झाल्यावर पोरीच्या हाडातून नमुना काढला होता, रोगाच्या पेशी उरल्यात की गेल्यात ते कळायला. नाही उरल्या तर पुढचं औषध हलकं, घरी राहून, येऊन-जाऊन. उरल्या तर जड औषध, ॲडमिट होऊन, आणि त्या जड औषधातच काही मुलं जातात, हे निकम मॅडमनी लपवलं नव्हतं. मॅडम म्हणजे लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टर. गोड बोलायच्या नाहीत म्हणूनच योगिनीचा त्यांच्यावर विश्वास.

रिपोर्टात लिहिलं होतं, रोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.

हर्षल पार्किंगमध्ये जाऊन स्कूटरच्या सीटवर डोकं टेकून रडला. सासूबाईंनी, वत्सलाबाईंनी, पाथर्डी फाट्यावरच्या घरी तिथल्या तिथे देव पाण्यातून काढले. त्या मूळच्या सटाण्याच्या. खूप आनंद झाला किंवा खूप राग आला की त्यांच्या तोंडून अहिराणीच यायची. फोनवर एवढंच म्हणाल्या, "पोर बरी शे ना? मंग बस!"

त्याच सोमवारी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, लियाकत नावाचा उंच माणूस भिंतीला टेकला आणि टेकल्या टेकल्या घसरत खाली बसला. त्याचं सटाण्यात वेल्डिंगचं दुकान. त्याचा रय्यान वेदिकापेक्षा वर्षाने मोठा, आजार तोच. लियाकतची बायको सलिमा आणि योगिनी महिनाभर एका खोलीत राहिल्या होत्या, मधे फक्त एक हिरवा पडदा. सलिमा पहाटे उठून गरम पाण्याचा थर्मास आधी वेदिकासाठी भरायची. वत्सलाबाई आल्या की दोघी सटाण्याच्या बाजाराच्या गप्पा मारायच्या. रय्यानचा नमुना वेदिकाच्या दोन दिवस आधी गेला होता. त्याच्या रिपोर्टात पेशी उरल्या होत्या.

योगिनीने सलिमाचा हात धरला, पाठीवरून हात फिरवला. सगळं केलं. आणि ते करत असताना तिच्या मनात काय आलं ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मनात आलं होतं, आमचं नाही ना, बास.

बुधवारी दुपारी वेदिका घरी झोपली होती. बोडक्या डोक्यावर सुती टोपी, मुठीत निळा खडू. उद्या सप्तशृंगीच्या गडावर जायचं होतं. नवस सासूबाईंचा, म्हणून सासूबाई आणि हर्षल जाणार, योगिनी पोरीजवळ. स्वयंपाकघरात रव्याच्या लाडवांचं साहित्य काढून ठेवलं होतं. हर्षल यायला, म्हणजे चार वाजायला, अजून तासभर होता. योगिनीने फाइल लावायला घेतली. सोमवारच्या गडबडीत पंधराव्या रिपोर्टावर खूण करायची राहिली होती.

नंबर होता ७०४१८२९५०३६१.

तिने पेन्सिल घेतली. सात, चार, आठ, नऊ, शून्य, सहा: चौतीस. शून्य, एक, दोन, पाच, तीन, एक: बारा. चौतिसातून बारा गेले, बावीस. भाग गेला. तिने खूण केली आणि स्वतःशीच हसली. मग चिठ्ठी रिपोर्टाच्या मागे स्टेपल करायची म्हणून पाकिटातून काढली.

चिठ्ठीवर होतं ७०४१८२९५०६३, आणि पुढे शेवटच्या आकड्याच्या जागी राखाडी डाग. सॅनिटायझरचा थेंब पडला होता. असल्या स्टिकरवर तो पडला की शाई उडून जाते.

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. इथे छत्तीस, तिथे त्रेसष्ट. बोट ठेवून वाचलं. पुन्हा वाचलं. मग सेंटरला फोन लावला.

"बोला मॅडम. वेदिकाची मम्मी ना?" गोरक्षचा आवाज नेहमीचा, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

तिने सांगितलं.

"एक मिनिट हां." कागदांची सळसळ. "हां, काय नाय मॅडम, टायपिंग मिस्टेक. त्रेसष्टचं छत्तीस झालं बघा. दिवसभर रिपोर्टच टाइप करतो, बोट इकडचं तिकडं होतं. नाव बरोबर आहे ना?"

"नाव बरोबर आहे."

"मग झालं तर! रिपोर्ट तुमचाच. उद्या या, दुरुस्त करून देतो. टेन्शन नका घेऊ, चांगला रिपोर्ट आहे तुमचा. लोकं तरसतात असल्या रिपोर्टला."

"हो," योगिनी म्हणाली. "थँक्यू."

तिला खरंच हलकं वाटलं. ती स्वयंपाकघरात गेली, कढई ठेवली, तूप घातलं, रवा घातला. रवा भाजायला धीर लागतो, हात थांबवून चालत नाही. आणि हात गोल फिरत असताना डोकं आपोआप त्या नंबराकडे गेलं. कुणी बोलावलं नव्हतं, तरी गेलं.

त्रेसष्टचं छत्तीस. शेजारचे दोन आकडे उलटे. मग राखणदार ओरडायला हवा होता. भाग तुटायला हवा होता.

पण भाग गेला होता. तिने स्वतः खूण केली होती.

तिने गॅस बंद केला नाही. तशीच आत गेली आणि पाकिटाच्या पाठीवर लिहायला लागली. आधी चिठ्ठी. सात, चार, आठ, नऊ, शून्य, तीन: एकतीस. शून्य, एक, दोन, पाच, सहा: चौदा, अधिक तो पुसलेला. एकतिसातून चौदा गेले, सतरा. सतरातून पुसलेला आकडा वजा करून अकराने भाग जायला हवा, तर तो सहाच. दुसरा कुठलाच नाही. म्हणजे वेदिकाचा नंबर ६३६ ने संपतो. गोरक्षने त्रेसष्टचं छत्तीस केलं असतं तर कागदावर ३६६ आलं असतं. कागदावर ३६१ आहे. आणि छत्तिसाच्या पुढे एकच लागतो. बरोब्बर एक.

हा चुकलेला नंबर नव्हता. हा कुणाचा तरी बरोबर नंबर होता.

रव्याचा जळका वास आला तेव्हा सासूबाई आत आल्या होत्या आणि गॅस बंद करून उभ्या होत्या. "काय व्हयनं? सगळा रवा करपला की."

"काही नाही आई. दुसरा भाजते."

"दे इकडे," त्या म्हणाल्या. "तू जा, पोरीजवळ बस. दीड महिन्यात तुझ्या चेहऱ्याचं काय झालंय, आरशात बघ जरा."

हर्षल चारला आला. योगिनीने त्याला बेडरूममध्ये नेलं, दार लोटलं आणि पाकीट पुढे धरलं. तो कंपनीत क्वालिटीला होता, मोजमाप त्याला कळत होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग पाकीट उलटं करून गादीवर ठेवलं.

"दोन चुका झाल्या असतील," तो म्हणाला. "छत्तीस पण चुकलं आणि शेवटचा आकडा पण चुकला."

"दोन चुका होऊन पुन्हा अकराने भाग जायचा?"

"जाऊ शकत नाही का? तूच सांग. तू गणितवाली."

योगिनीला खोटं सांगता आलं नाही. "जाऊ शकतो. शेवटचा आकडा काहीही पडू शकतो, दहांतून एकदा एक पडणारच. पण हर्षल, त्याच्या आधी शेवटचा आकडा चुकायला पण हवा ना."

"दहांतून एकदा," हर्षलने तेवढंच उचललं. "मग तो एकदा म्हणजे हाच. लोकांना लॉटरी लागते, आपल्याला एवढंही नाही का लागणार?"

"आणि नसेल तर?"

"तुला चांगलं काही पचतच नाही, योगिनी." तो ओरडला नव्हता. उलट आवाज इतका खाली गेला होता की तिला भीती वाटली. "पोरीने दीड महिन्यांनी काल पोळी खाल्ली. काल! गूळ-तूप-पोळी मागून खाल्ली. उद्या मला आईला घेऊन गडावर जाऊ दे. परवा आपण दोघं जाऊ, मॅडमना विचारू. एक दिवस. फक्त एक दिवस मला दे."

बाहेर वेदिका उठली होती आणि आजीला विचारत होती, "लाडू झाले? मला काळा नको, पांढरा हवा."

योगिनीने पाकीट उचलून फायलीत ठेवलं. आणि मग तिने जे केलं, म्हणजे जे केलं नाही, त्याचा हिशेब ती पुढे कधीच मांडू शकली नाही. तो नंबर कुठल्या मुलाचा, हे तिला कळलं होतं. महिनाभरात त्या वॉर्डातून हाडाचे नमुने गेले होते दोनच मुलांचे. वेदिकाचा कागद दुसऱ्याचा असेल तर दुसऱ्याकडचा कागद वेदिकाचा होता. तो कागद बघून रय्यानला मंगळवारपासून जड औषध सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी सहाला एक बाटली, पाच दिवस. सलिमानेच सांगितलं होतं.

सलिमाचा नंबर फोनमध्ये होता. साडेचारला योगिनीने तो काढला. पाचला पुन्हा काढला. दहांतून एकदा, ती स्वतःला सांगत राहिली, असतं तसं, होतं तसं. गणितात दहात एक म्हणजे काही अशक्य नव्हे. साडेपाचला तिने वेदिकाला पांढरा लाडू भरवला. पावणेसहाला वेदिकाने चित्र दाखवलं, त्यात एक मोठं निळं घर आणि दारात तीन माणसं. "आणि हा रय्यानदादा, खिडकीत," वेदिका म्हणाली. "त्याला खाली यायला परवानगी नाही."

सहा वाजले. योगिनीने घड्याळाकडे बघितलं आणि बघतच राहिली, सहा वाजून पाच, सहा वाजून दहा. बाटली लागली असणार. मग फोन करून काय उपयोग, असं वाटून तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची किळस आली.

सकाळी सातला हर्षल आणि सासूबाई गडाकडे निघाले. शेजारच्या काकूंना वेदिकाजवळ बसवून योगिनी फाइल घेऊन आठ वाजता रिक्षात बसली. हर्षलला तिने सांगितलं नाही. रिक्षाचा नंबर तिने वाचला नाही.

सलिमा खोलीच्या दारातच स्टुलावर बसली होती, तोंडाला मास्क, मांडीवर साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी. सगळे कागद ती त्याच पिशवीत ठेवायची. आत रय्यान कुशीवर पडला होता आणि उशीवर लाळेचा ओला डाग होता, गुलाबी.

"ताई! तुम्ही? वेदू कशीये?" सलिमा उठली. "तोंड आलंय बघा त्याला. पाणी गिळत नाही. डॉक्टर म्हणतात औषध जड आहे, होणारच."

"सलिमा, तुझी चिठ्ठी दाखवतेस? हाडाच्या टेस्टची. स्टिकर असतं ती."

सलिमाने का विचारलं नाही. पिशवीतून एकेक कागद काढत गेली. औषधांची बिलं, शाळेचा दाखला, एक्स-रे, आणि मग ती चिठ्ठी, कोरी करकरीत, घडीसुद्धा न मोडलेली. ७०४१८२९५०३६१. योगिनीने तिच्या हातातला रिपोर्टही घेतला. त्यावर रय्यानचं नाव होतं आणि नंबर होता ७०४१८२९५०६३६.

सहा. शेवटी सहा. चिठ्ठीवर पुसलेला आकडा इथे ठळक छापला होता. तिचं उत्तर बरोबर आलं होतं.

"काय झालं ताई?"

"चल," योगिनी म्हणाली. "मॅडमकडे चल."

निकम मॅडमनी चार कागद टेबलावर मांडले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. गोरक्षला वर बोलावलं. तो वही घेऊन आला आणि वहीत बघता बघता त्याचा चेहरा उतरत गेला. दोन नावं एकाखाली एक नव्हती, पानं वेगळी होती, पण नंबर डोळ्यांना सारखेच दिसत होते. "टेस्ट आणि सुरुवातीचे आकडे बघून नाव टाकतो मॅडम," तो पुटपुटला. "एवढा लांब नंबर सगळा कोण वाचतं. नमुने नेहमी सलग येतात, असं कधी..."

"थांबा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मुंबईला फोन लावला. स्पीकरवर. पलीकडून एका मुलीने नंबर एकेक आकडा करून वाचला. तीन-सहा-एक: आढळल्या नाहीत. सहा-तीन-सहा: आढळल्या. टक्केवारीही तिने सांगितली. मॅडमनी ती लिहून घेतली. लिहिताना पेनचा आवाज येत होता.

सलिमाला आधी कळलंच नाही. तिने मॅडमकडे बघितलं, मग गोरक्षकडे. "म्हणजे माझ्या रय्यानला...?"

"रय्यानचा रिपोर्ट चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "त्याचं जड औषध आत्ता या क्षणापासून बंद. झालेला त्रास भरून यायला दोन-तीन आठवडे लागतील, रक्ताचे काउंट उतरतील, जपावं लागेल. पण तो ठीक आहे."

सलिमाच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो तिने लगेच दोन्ही हातांनी दाबला. कारण तोवर तिला दुसरा अर्धा भाग कळला होता, आणि तो अर्धा भाग तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला होता.

"तुम्हाला कळलं कसं, योगिनी?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच सैल झाला होता. "चार डॉक्टरांनी हे कागद पाहिलेत. मीही."

"भाग जात होता," योगिनी म्हणाली.

"सोमवारपासून तीन दिवस गेलेत. फार नाहीत. आज संध्याकाळीच वेदिकाला ॲडमिट करा. ऐकताय ना? फार दिवस गेलेले नाहीत."

कॉरिडॉरमध्ये आल्यावर फोन वाजला. हर्षल. मागे घंटांचा गजर आणि माणसांची गर्दी. "दर्शन झालं गं! रांग नव्हतीच. आईने तुझ्यासाठी पण ओटी भरली. बोल तिच्याशी, ती म्हणतेय बोलायचंय." आणि मग सासूबाईंचा धाप लागलेला आवाज, "योगिनी, पेढे ठेवले बरं देवीपुढे. पोरीच्या नावाने. तू जेवलीस का?"

"जेवते आई," योगिनी म्हणाली. "तुम्ही सावकाश उतरा. हर्षलला म्हणावं, आल्यावर बोलू."

फोन ठेवून तिने मागे बघितलं तर सलिमा उभी होती. चेहऱ्यावर काय दाखवावं हे न कळलेल्या माणसासारखी.

"ताई, अल्ला तुमचं भलं करो. तुम्ही नसता आल्या तर..."

"मला काल कळलं होतं, सलिमा."

"काय?"

"काल दुपारी. चारच्या आधी. मी फोन केला नाही."

सलिमाने थोडा वेळ हिशेब केला. तो तिच्या डोळ्यांत दिसला. "सहाला बाटली लावली त्याला," ती म्हणाली. "कालची. त्यानंतर तोंडातून रक्त यायला लागलं."

"हो."

"मी पावणेसहाला नर्सला म्हटलं होतं, आज राहू द्या, लेकरू थकलंय. ती म्हणाली, डॉक्टरांनी लिहिलंय."

माफ कर म्हणायला योगिनीने तोंड उघडलं तेव्हा सलिमाने हात वर केला.

"नका म्हणू. आज नका म्हणू ताई. मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, मला नाही माहीत. पण आज मला काही ऐकायचं नाही." आणि ती रय्यानच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. दाराच्या काचेतून ती पलंगाच्या कडेला बसलेली दिसत होती, पोराच्या पाठीवर हात ठेवून, खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, बाहेरून कळत नव्हतं.

संध्याकाळी पाच वाजता वेदिका त्याच वॉर्डात आली, हातात निळ्या घराचं चित्र घेऊन. हर्षल तिला कडेवर घेऊन आला होता. दिवसभरात त्याने योगिनीला एकच प्रश्न विचारला होता, रिक्षातून उतरताना. "दहात एक नव्हतंच ना ते?" ती म्हणाली, "नव्हतं." सासूबाई घरी राहिल्या होत्या. गडावरच्या पेढ्यांचा पुडा त्यांनी न उघडता देवापुढे ठेवला होता.

वेदिकाला सुई टोचताना ती कळवळून ओरडली आणि मग थकून गप्प झाली. नर्स बाटली आणायला गेली. नवीन बाटली, नवीन स्टिकर. योगिनी पोरीच्या पायाशी बसली होती. पावणेसहा झाले होते.

पडदा सरकला. सलिमा होती, हातात तोच थर्मास, पहाटे गरम पाण्याने भरायची तो. तिने योगिनीकडे बघितलं नाही. झाकण उघडलं आणि वाटीत ओतलं. बर्फ. बारीक फोडलेला, कागदात गुंडाळून लाटण्याने फोडतात तसा.

"बाटली लागायच्या आधी दहा मिनिटं चालू करायचा," ती म्हणाली. "बाटली संपेपर्यंत तोंडात ठेवायचा, मधे थांबायचं नाही. तोंड गार राहिलं की फोड कमी येतात. मला काल रात्रीच्या नर्सने सांगितलं, उशिरा. रय्यानला मी दोन्ही दिवस दिला नाही, मला माहीतच नव्हतं."

योगिनीने वाटी घेतली. तिने चमचा उचलला.

"चमच्याने नको, चमचा लागतो. बोटाने द्या. हात धुतलेत ना?"

"धुतलेत."

"मग द्या. सहाला दहा मिनिटं कमी आहेत."

योगिनीने एक तुकडा उचलला आणि वेदिकाच्या ओठांशी धरला. वेदिकाने तोंड फिरवलं. "थंड आहे. नको."

"रय्यानदादाने पण आज खाल्ला," सलिमा पडद्यापाशीच थांबली होती. "तो म्हणाला, वेदूला सांग, गोळा आहे. फक्त रंग घालायचा राहिला."

वेदिकाने जरा विचार केला आणि तोंड उघडलं.